तलफ आणि नेम : वऱ्हाडातील चहा-कॉफी सोडण्याचा इतिहास

वऱ्हाडात कॉफी पिकते डोंगरावर, आणि सपाटीवर माणसे पितात चहा. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफीची झुडपे इंग्रजी अमदानीपासून आहेत आणि महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून नाव घेतले जाते ते त्याचेच. पण घाट उतरून परतवाड्याला आले की कॉफीचा विषय संपतो. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, कुठेही जा, पाहुण्याला विचारले जाते ते ‘च्या मांडू का?’ एवढेच. कॉफीच हवी म्हणणाऱ्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटी पुडी आणायला पोराला पिटाळावे लागते. म्हणून या भागात कॉफी सोडण्याचा इतिहास लिहायचा तर तो बराचसा चहा सोडण्याचा होतो. त्यात वावगे काही नाही. दोन्ही पेयांत माणसाला गुंतवून ठेवणारी वस्तू एकच, कॅफीन. आणि ती तुटली म्हणजे होणारा त्रासही एकच.

या त्रासाची बोलीभाषेला चांगली ओळख आहे. हवेसे वाटते ती तलफ. वेळेवर न मिळाल्यावर जे होते ते ‘डोकं धरणं’. सकाळचा चहा हुकला की अकरा-बाराच्या सुमारास कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकू लागतात, डोळ्यांवर झापड येते, कामात लक्ष लागत नाही आणि घरातल्यांवर उगाच चिडचिड होते. कुणी डोक्याला फडके करकचून बांधते, कुणी सुंठ उगाळून कपाळावर लेप देते, कुणी अमृतांजन चोळते. तासाभराने कुणीतरी कपभर चहा पुढे करते आणि अर्ध्या तासात डोके उतरते. हा अनुभव घराघरांत इतका नेहमीचा आहे की त्याला आजार म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नाही.

चिखलदऱ्याची गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी. हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली या पठारावर पोचला. त्याच्या वीस वर्षे आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, शेजारचा गाविलगड आर्थर वेलस्लीने घेतला होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिल्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीचे हे ठिकाण साहेबांच्या उन्हाळ्याचे ठाणे झाले. बंगले उठले, बंगल्यांभोवती बागा आल्या आणि बागांत कॉफी लागली. सावली, थंडावा आणि भरपूर पाऊस एवढे कॉफीला लागते, आणि वऱ्हाडात ते या एका पठारावरच जुळून येते. खाली अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाच्या सरीनंतर कॉफीला पांढरी, जुईसारख्या वासाची फुले येतात आणि हिवाळ्यात फळे लाल होतात. इंग्रजी गॅझेटियरांनी या कॉफीची आवर्जून नोंद घेतली. मात्र चिकमंगळूर किंवा कोडगूसारखा मळ्यांचा धंदा इथे कधी उभा राहिला नाही. पठार लहान, भोवती सरकारी जंगल, आणि १९७३-७४ मध्ये ते जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात गेल्यावर वाढीचा प्रश्नच मिटला. चिखलदऱ्याची कॉफी सहलीला आलेला माणूस आठवण म्हणून घेऊन जातो. तिची सवय जिल्ह्यालाही लागली नाही.

सपाटीवरच्या घरांत कॉफी अनोळखी होती असे मात्र नाही. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंददाणा म्हणत. विसाव्या शतकात पोलसनची कॉफी मुंबईहून रेल्वेने सर्वत्र जाऊ लागली, आणि साखरेत घोळलेल्या कॉफीच्या वड्या मिळू लागल्या. वडी दुधात कुस्करली की कॉफी तयार. त्यात जायफळ किसून टाकण्याची मराठी रीत अशी, की कडवटपणा मागे राहतो आणि झोप उडवायला घेतलेले पेय झोप आणते की काय असे वाटावे. ही कॉफी परीक्षेच्या रात्रीची, आजारातून उठलेल्याची, मुलगी बघायला आलेल्या मंडळींची. रोज चार वेळा घ्यायची वस्तू ती नव्हती, म्हणून ती सोडण्याचा प्रश्नही फारसा आला नाही. तो आला चहाबरोबर.

चहा वऱ्हाडात आला कापसाच्या वाटेने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचा फाटा भुसावळवरून अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचला. रुळांच्या कडेने जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ साली कारंजाचा कापूस बाजार नियमांत बांधला गेला. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा देशातला त्या जातीचा पहिला कायदा मानतात. या सगळ्या उलाढालीत माणसांना तासन् तास थांबून राहावे लागे. कास्तकार रात्री बैलगाडी जुंपून निघायचा, पहाटे बाजाराच्या फाटकाशी रांगेत लागायचा आणि हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होईपर्यंत थंडीत गोणपाट पांघरून गाडीखाली बसायचा. त्या रांगेच्या कडेला कोळशाची भट्टी, तिच्यावर काळवंडलेले पातेले, पातेल्यात दूध-साखरेसकट उकळणारा चहा आणि फडक्यातून गाळून बशीत ओततानाचा वास. कापसाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे नेमका थंडीत. सवय लागायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

तरीही पहिली काही दशके खेड्यातल्या घरात चहा हा सर्दी-पडशाचा काढाच होता. त्याचे रोजच्या पेयात रूपांतर झाले ते ठरवून केलेल्या प्रचाराने. १९०३ साली सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून देशात चहा खपवण्याची मोहीम निघाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि रेल्वे ही तिची मुख्य कार्यक्षेत्रे होती. दमलेला कामगार कपभर चहावर पुन्हा उभा राहतो हे मालकाला पटवायला वेळ लागला नाही. १९३० नंतरच्या मंदीत जगभर चहाचे भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली आणि मळेवाल्यांना देशी गिऱ्हाइकाची खरी गरज लागली. तेव्हा चहा कसा करावा हे सांगणारे, देशी भाषांत लिहिलेले एनॅमलचे फलक स्टेशनांवर लागले, एका पैशाच्या पुड्या निघाल्या, घरोघर जाऊन प्रात्यक्षिक दाखवणारी माणसे नेमली गेली. त्यांची एक तक्रार गमतीची होती: लोक चहात दूध, साखर आणि मसाला फार घालतात, म्हणजे पत्ती कमी खपते. लोकांनी ऐकले नाही. अकोल्याच्या सावतराम मिलपासून बडनेऱ्याच्या गिरणीपर्यंत पाळी सुटली की पहिली गर्दी चहाच्या दुकानावर, हे दृश्य मात्र पक्के झाले. पुढे दाणेदार सीटीसी पत्ती आली. तिचे यंत्र १९३०-३१ च्या सुमारास आसामात निघाले असले तरी तिचा देशभर सुकाळ झाला तो स्वातंत्र्यानंतर. थोड्या पत्तीत गडद रंग आणि जास्त कप निघत असल्याने चहा मजुराच्या खिशालाही परवडू लागला. आज वऱ्हाडात ज्याला ‘कडक’ म्हणतात तो याच दाण्यांचा.

चहा नाकारणारी माणसे चहाइतकीच जुनी आहेत, पण सुरुवातीला त्यांच्या नकाराचा डोकेदुखीशी काही संबंध नव्हता. प्रश्न पेयाचा नव्हता, तो देणाऱ्या हाताचा होता. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. कपभर चहाने इतका धुरळा महाराष्ट्रात पुन्हा उडवला नाही. टिळकांचे अमरावतीचे स्नेही दादासाहेब खापर्डे यांच्या पिढीला हे प्रकरण चांगले ठाऊक होते. वऱ्हाडातल्या चहाच्या दुकानांतही हाताचा हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने उभा होता. दलितांसाठी वेगळी कपबशी, ती बाहेर खुंटीला किंवा कोनाड्यात, पिऊन झाल्यावर स्वतः विसळून ठेवायची. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शहरात आले तेव्हा लढा देवळाच्या दाराचा होता, पण रोजचा अपमान होता तो या कपबशीचा. असा चहा न पिणे हीदेखील एक प्रकारची चहाबंदीच होती, आणि तिच्यामागे प्रकृतीपेक्षा मोठे कारण होते.

प्रकृती आणि राजकारण एकत्र आले ते गांधींमुळे. चहा-कॉफीशी त्यांचे वाकडे जुने होते. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर गहू भाजून, दळून त्याची कॉफी केली जाई. मळ्यांतल्या मजुरांचे हाल हेही त्यांच्या आक्षेपाचे एक कारण होते. बंगालात रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी चहापान म्हणजे विषपान अशीच आघाडी उघडली होती. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेली गांधींची हरिजन यात्रा अमरावती-अकोला भागातून गेली आणि १९३६ पासून त्यांचा मुक्काम शेजारच्या सेवाग्रामला होता, त्यामुळे वऱ्हाडातल्या खादी कार्यकर्त्यांना त्यांचे आहारविचार ऐकीव राहिले नाहीत. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्याच्या पुस्तकात त्यांनी चहा, कॉफी, कोकोला एक प्रकरणच दिले आहे. पत्ती उकळून काढलेला गडद चहा अपायकारक. पत्तीवर नुसते कढत पाणी ओतून काडीच्या रंगाचा निघतो तेवढाच क्षम्य, असा त्यांचा सूर. वऱ्हाडी कडक चहाचे याहून कठोर खंडन होणार नाही.

खादी कार्यकर्त्याच्या घरी पाहुण्याला गूळ-पाणी किंवा लिंबू-मध मिळू लागले. काहींनी ते जन्मभर पाळले. काहींना चहा सोडण्याची सक्तीच झाली. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला आणि सत्याग्रही तुरुंगात गेले. ‘क’ वर्गाच्या कैद्याला भाकरी आणि वरण मिळे, चहा नाही. रोज चार कप पिणाऱ्याचा तुरुंगातला पहिला आठवडा कसा जात असेल, ते पुढे येणाऱ्या आकड्यांवरून ध्यानात येईल.

याच मातीतले दोन मोठे लोकशिक्षक, शेंडगावचे गाडगेबाबा आणि यावलीचे तुकडोजी महाराज, व्यसनाविरुद्ध आयुष्यभर बोलले. तुकडोजींनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडी गेल्या. पण त्यांचा खरा मारा दारूवर होता, आणि ते बरोबरच होते. दारूने घर बुडते. चहाने बुडते ती फार तर सकाळची भूक. व्यसनांच्या यादीत चहा आला तरी शेवटच्या ओळीत आला, आणि व्यसनमुक्तीची सभा संपल्यावर मंडळींना चहाच दिला जातो ही वऱ्हाडातली जुनी, निरागस विसंगती आहे.

मग चहा खऱ्या अर्थाने सोडला कुणी? मुख्यतः नेम करणाऱ्या बायकांनी. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आवडीची एक वस्तू चार महिने वर्ज्य करायची, ही महाराष्ट्रभरची रीत. पूर्वी वांगे, कांदा-लसूण, गोड, असे काही सोडत. चहा घरात मुरल्यावर सोडण्याच्या वस्तूंत तोही आला. काशीयात्रेला जाऊन एखादी आवडती गोष्ट कायमची टाकून यायची, तिथेही चहाचे नाव निघू लागले. पुरुषांच्या नेमाला ‘टाळणे’ पुरते, बायकांच्या नेमाला साक्षीदार असतो, देव आणि शेजारीण, म्हणून तो जास्त टिकतो. एरवीचे उपवास मात्र चहाला धरून चालतात. एकादशीला साबुदाण्याबरोबर चहा चालतो, शिवरात्रीला चालतो, नवरात्रात अंबादेवीचे नऊ दिवस धरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण निव्वळ चहावर दिवस काढतात. शास्त्रात चहाला बंदी नाही हे खरे, कारण शास्त्र लिहिले तेव्हा इथे चहाच नव्हता.

जिथे उपवास कडक असतो तिथे तलफ उघडी पडते. हरतालिकेचा निर्जळी दिवस, कारंजा आणि शिरपूरकडच्या जैन घरांतली पर्युषणातली किंवा दशलक्षणातली व्रते, अकोला, बाळापूर, अचलपूरच्या मुसलमान मोहल्ल्यांतले रोजे, या सगळ्यांत पहिल्या एक-दोन दिवसांची डोकेदुखी ठरलेली. रोज्याच्या या डोकेदुखीचा आणि ज्यूंच्या योम किप्पुरच्या डोकेदुखीचा डॉक्टरांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे, आणि चहा-कॉफी तुटणे हे तिच्या कारणांपैकी एक मानले जाते. जाणती माणसे शाबान महिन्यातच दिवसाचे चहा कमी करू लागतात. रमजान लागेपर्यंत शरीर सहेरी आणि इफ्तारच्या दोन कपांवर आलेले असते. हे शहाणपण वैद्यकाच्या पुस्तकातल्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते.

वैद्यकाला मात्र इथवर यायला वेळ लागला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने १८१९ साली कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. त्याला त्या बिया दिल्या होत्या कवी ग्यॉटेने. चहातून १८२७ साली काढलेल्या पदार्थाला वेगळे नाव मिळाले होते, पण दोन्ही एकच असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले. कॅफीन तुटल्याने डोके दुखते हे प्रयोगाने दाखवले गेले ते थेट १९४३ साली. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी माणसांना काही दिवस रोज कॅफीन दिले आणि मग त्यांच्या नकळत त्या जागी कॅफीन नसलेली पूड दिली. डोकी धरली गेली. २००४ साली ज्युलियानो आणि ग्रिफिथ्स यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासून वेळापत्रकच मांडले. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, २० ते ५१ तासांच्या दरम्यान तो शिगेला पोचतो आणि २ ते ९ दिवसांत ओसरतो. प्रयोगांत निम्म्या लोकांना डोकेदुखी झाली, आणि दिवसाला १०० मिलिग्रॅमएवढ्या थोड्या सवयीवरही त्रास दिसला. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगनिदान पुस्तिकेत या त्रासाला अधिकृत जागा मिळाली.

शरीरात घडते ते असे. मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन साचत जाते आणि त्यामुळे थकवा, झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. रोज अडवणूक झाली की मेंदू ॲडेनोसिनसाठी जास्त जागा तयार करतो. मग एक दिवस कॅफीन आलेच नाही तर साऱ्या रिकाम्या जागांवर ॲडेनोसिन एकदम बसते, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, डोके ठणकते, अंग जड होते. काही दिवसांत मेंदू वाढीव जागा काढून टाकतो आणि सगळे पूर्ववत होते.

आता नेमाचे वेळापत्रक त्रासाच्या या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. दशमीला संध्याकाळी सहाला शेवटचा चहा घेऊन कुणी एकादशी निर्जळी केली, तर त्रास एकादशीच्या सकाळपासून सुरू होईल, आणि त्या दुपारी दोन ते द्वादशीच्या रात्री नऊ या दरम्यान कधीतरी शिगेला पोचेल. उपवास सुटतो द्वादशीला सकाळी, सातच्या सुमारास म्हणू. म्हणजे ३७ तास झालेले, ऐन कळ भरात असताना, आणि त्याच वेळी हातात चहाचा कप. तो घोट अमृतासारखा लागतो यात नवल नाही. पण त्याने पुण्य पदरी पडले तरी सवय तसूभर हलत नाही. एक दिवसाचा उपवास चहासाठी सर्वांत तोट्याचा: दुःख पूर्ण, सुटका शून्य. नवरात्रात नऊ दिवस चहाही बंद ठेवला तर तो आकडा वेळापत्रकाच्या टोकाशी बरोबर जुळतो. चातुर्मासाच्या नेमात तर पहिले नऊ दिवस सरले की उरलेले महिने शरीराला काही जाणवतही नाही. जाणवते ते हाताला, चारच्या वेळेला, रिकामा राहिल्यामुळे. ज्यांनी हे नेम बांधले त्यांच्यासमोर ही गणिते नव्हती, तरी लांबच्या नेमाची रीत शरीराच्या बाजूने पडली.

दुखणाऱ्या डोक्यावर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी हा इतिहास आणखी गुंतागुंतीचा केला. सरकारी दवाखान्यात पूर्वी कशावरही मिळणारी एपीसी गोळी म्हणजे ॲस्पिरिन, फिनॅसिटिन आणि कॅफीन. पुढे मूत्रपिंडाच्या इजेमुळे फिनॅसिटिन हद्दपार झाले. दुकानातल्या सॅरिडॉनमध्ये आजही इतर दोन औषधांबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. चहा सोडल्यामुळे डोके दुखते म्हणून ही गोळी घेणाऱ्याला हमखास गुण येतो, कारण त्याने सोडलेली वस्तूच गोळीतून परत घेतलेली असते. नेम न मोडता चहा पिण्याची ही आधुनिक युक्ती बहुतेकांना नकळतच साधलेली असते.

टपरीवरचा छोटा ग्लास फसवा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारसूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. अर्धा कप म्हणजे ७० मिलिलिटर धरला आणि कोर्टातला कारकून किंवा अडत्याचा मापारी दिवसात सहा वेळा उठून तो प्यायला, तर हिशेब साधारण ८५ ते १८० मिलिग्रॅमवर जातो. परिषदेने घातलेल्या ३०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत तो आरामात बसतो, पण सवय जडायला लागणाऱ्या १०० च्या आसपास किंवा वरही. ‘मी फक्त हाफच घेतो’ म्हणणाऱ्याचेही डोके धरते ते याच कारणाने. त्याच सूचनांत जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा टाळावा असे सांगितले आहे, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात पुरेसे जाऊ देत नाही.

सोडायचेच असेल तर डॉक्टरांचा मार्ग नेमाच्या उलट आहे: एकदम तोडू नये, कपाकपाने उतरावे. आधी रात्रीचा कप जातो, मग दुपारचा. प्रत्येक कपामागे चार-सहा दिवस द्यावे लागतात आणि सकाळचा सर्वांत शेवटी सुटतो. पत्ती निम्मी करणे, उकळी कमी देणे हाही उतरण्याचाच प्रकार. पाणी भरपूर प्यावे, झोप पुरी घ्यावी. वऱ्हाडापुरती एक सूचना जास्तीची: हा उद्योग मे महिन्यात करू नये. त्या दिवसांत ऊन लागूनही डोके दुखते, आणि कुठले दुखणे कशाचे ते कळत नाही. उन्हाच्या झटक्याला चहाची तलफ समजून घरी बसणे जिवावर बेतू शकते. गरोदर बाई, रक्तदाबाचा किंवा अर्धशिशीचा रोगी यांनी डॉक्टरांना विचारून करावे.

चारच्या रिकाम्या हाताला काय द्यायचे, हा प्रश्न घरांनी आपापल्या परीने सोडवला. परसातला गवती चहा नावाने चहा असला तरी त्यात कॅफीन नाही. सुंठ-धन्याचा काढा, गव्हाची कॉफी, अंबाडीच्या बोंडांचे सरबत, हे पर्याय आलटून पालटून चालतात. वऱ्हाडाचा खास म्हणावा असा पर्याय तरोट्याचा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, पडीक रानात फोफावणारा हा तरोटा, इतरत्र ज्याला टाकळा म्हणतात, त्याच्या बिया भाजून केलेली पूड कॉफीऐवजी वापरण्याची नोंद वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत आहे. रंग कॉफीचा, कडवटपणा कॉफीचा, आणि कॅफीन नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात तेव्हा पिशवीभर बिया फुकट मिळतात. तरीही बाजारात ती कुणी मांडून बसलेले दिसत नाही, कारण ज्याला कॉफी हवी असते त्याला झोप उडवायची असते.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो तेव्हा वऱ्हाडात कापसाची वेचणी भरात असते, थंडी पडू लागलेली असते, बाजाराच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते. चार महिने सोडलेला चहा बहुतेक घरांत त्याच आठवड्यात पुन्हा चुलीवर चढतो.